किरिविना बेटांतील ‘परका’ बाप

गेल्या अंकांत मलबारांतील नायर लोकांच्या तरवाडाची हकीकत आम्ही दिली होती. ती वाचून एका वाचक भगिनीनें आम्हांस पत्र लिहिलें आहे. त्या विचारतात, मुलें आईच्या कुळाचीं, घरदार मामाचें, वारसा भाच्याचा, हें सर्व समजलें. पण मग बिचाऱ्या बापाचें काय? त्याला लेकरांची माया नसते कीं काय? प्रश्न लहान असला तरी मर्मावर बोट ठेवणारा आहे. नायरांच्या जुन्या रीतींत नवरा रात्रीपुरता बायकोच्या घरीं येई व सकाळीं आपल्या आईच्या घरीं परत जाई; त्यामुळें बापलेकांचा सहवासच थोडा, आणि ओढाताणही थोडी. परंतु जेथें कूळ आईचें आणि राहणें मात्र बापाच्या घरीं, अशी व्यवस्था असेल तेथें काय होत असेल? अशी व्यवस्था मेलानेशियांतील एका बेटावर आहे, आणि तिची जितकी बारकाईनें टिपणें झालीं आहेत तितकीं क्वचितच दुसऱ्या कोणत्या समाजाचीं झालीं असतील. म्हणून यंदाचें पान त्या बेटास दिलें आहे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस न्यू गिनी नांवाचें जें प्रचंड बेट आहे, त्याच्या पूर्व टोंकापासून उत्तरेकडे, सॉलोमन समुद्रांत, पोंवळ्याचीं कांहीं सपाट बेटें आहेत. १७९३ सालीं तिकडे गेलेल्या फ्रेंच जहाजांवरील देनी द त्रोब्रियां या अधिकाऱ्याचें नांव त्यांस मिळालें. नकाशांत तीं ‘ट्रोब्रियांड बेटें’ म्हणून सांपडतील. त्यांत सर्वांत मोठें किरिविना. वकुटा, किटावा, कैलेउना हीं धाकटीं. १९७५ सालीं स्वतंत्र झालेल्या पापुआ न्यू गिनी या राष्ट्राच्या मिल्न बे प्रांतांत हीं बेटें मोडतात. येथील कुटुंबव्यवस्था जगास माहीत झाली ती ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या पोलिश पंडितामुळें. हे गृहस्थ क्राकोचे, म्हणजे त्या काळच्या ऑस्ट्रियाचे प्रजाजन. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां ते ऑस्ट्रेलियांत होते आणि कायद्यानें शत्रुपक्षाचे ठरले. तरी संशोधनाची मोकळीक त्यांस मिळाली. १९१५-१६ व १९१७-१८ अशा दोन खेपांत ते या बेटांवर राहिले. ओमाराकाना गांवीं, मुख्य राजाच्या घराशेजारींच, त्यांचा तंबू होता. तेथें ते लोकांची भाषा बोलूं लागले, आणि दुभाष्यावांचून जें ऐकलें व पाहिलें तें त्यांनीं पुढें अनेक ग्रंथांत लिहून ठेविलें.

या लोकांत चार मोठीं कुळें आहेत: मालासी, लुकुबा, लुक्वासिसिगा आणि लुकुलाबुटा. पृथ्वीवरील यच्चयावत् मनुष्य या चारांपैकीं कोणत्या तरी एकांतला असलाच पाहिजे, अशी त्यांची समजूत. उत्पत्तीची कथा मोठी गमतीची आहे. लाबाइ गांवाजवळ जमिनींत एक विवर होतें. त्यांतून प्रथम घोरपडीसारखा प्राणी माती उकरीत वर आला आणि झाडावर चढून पाहत बसला. मग कुत्रा आला, आणि तोच प्रथम श्रेष्ठ होता. त्याच्या मागून डुक्कर आलें. कुत्र्यास वाटेंत नोकु नांवाच्या झाडाचें फळ दिसलें. तें त्यानें हुंगलें, चाटलें आणि खाल्लें. तेव्हां डुक्कर म्हणालें, तूं हलकें अन्न खाल्लेंस, तूं हलका, राजा मी. तेव्हांपासून डुकराचें मालासी कूळ वरिष्ठ आणि कुत्र्याचें लुकुबा कूळ खालीं. काय खावें व काय न खावें यावरून माणसाची पायरी ठरविण्याची ही रीत आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित वाटणार नाहीं.

एकेका कुळांत अनेक उपकुळें असतात. त्यांस ‘दाला’ म्हणतात. जमीन, मंत्र, मान, गांवावरील हक्क हें सर्व दालाचें. आपल्या गोत्राप्रमाणेंच येथेंही एका कुळांत लग्न होत नाहीं, पण गोत्र बापाकडून येतें आणि दाला आईकडून. या भेदाचें मूळ त्यांच्या पुराणांतच आहे. प्रत्येक दाला कोठल्या तरी विवरांतून, झऱ्यांतून किंवा खडकांतून वर आली. आणि वर आलेली पहिली जोडी नवराबायकोची नव्हे, तर बहीणभावाची. बहिणीनें वंश वाढवावयाचा, भावानें तिचा व जमिनीचा सांभाळ करावयाचा. त्या आदिमातेचा नवरा कोण, हें कथेंत कोणी विचारीत नाहीं व कोणी सांगत नाहीं. आपल्या वंशावळीच्या शिरोभागीं मूळ पुरुषाचें नांव असतें. किरिविनांतील वंशवृक्षाच्या मुळाशीं ही भावंडें बसलेलीं आहेत, आणि पुढचें सर्व त्यांतून निघतें.

मनुष्य मेला म्हणजे त्याचा आत्मा, बालोमा, वायव्येस असलेल्या तुमा नांवाच्या लहान बेटावर जातो. तेथें कंटाळा आला कीं तो सूक्ष्म बालकाचें रूप घेऊन परत येतो व आपल्याच दालांतील एखाद्या स्त्रीच्या उदरीं प्रवेश करितो. म्हणजे जीव येतो तो आईच्याच कुळाचा. बाप हा आईचा नवरा. मुलाच्या रक्ताशीं त्याचा संबंध नाहीं, असें मालिनोव्स्कींस लोकांनीं पुनःपुन्हा सांगितलें. हें खरें अज्ञान होतें कीं कुळाचा सिद्धान्त बोलून दाखविण्याची रीत होती, यावर एडमंड लीच या इंग्रज पंडितांनीं १९६६ सालीं मोठा वाद माजविला, आणि तो अजून मिटलेला नाहीं. आमच्या मतें लीच यांचा पक्ष सबळ आहे. धर्मशास्त्रांत दत्तक पुत्र जनकाच्या गोत्रांतून सुटतो असें आपण म्हणतों, म्हणून आपण जन्माचें मर्म जाणत नाहीं असें कोणी म्हटल्यास आपण हंसूं.

बाप परका असें ज्यांनीं ठरविलें, तेच लोक मूल बापासारखें दिसतें असें मात्र आग्रहानें म्हणतात. बाप आईच्या सहवासांत राहून मुलाचा चेहरा घडवितो, असें त्यांचें स्पष्टीकरण. एकदां मालिनोव्स्कींनीं राजा तोउलुवा याच्या मुलांकडे पाहून, हे सर्व बापासारखे दिसतात, असें म्हटलें. लोकांनीं आनंदानें रुकार दिला. त्यावर ते तर्कास धरून म्हणाले, मग हे भाऊ एकमेकांसारखेही दिसतात! तेव्हां सर्वांचे चेहरे उतरले व कित्येक रागावले. भाऊ भावासारखा, भाचा मामासारखा किंवा मूल आईसारखें दिसतें असें म्हणणें तेथें शिष्टाचाराचा भंग होय. दोन राशी एकीबरोबर असल्या तर परस्परांबरोबर असतात, हें प्रमेय आम्ही तीस वर्षें फळ्यावर लिहिलें. तें एखाद्या गांवीं असभ्यपणाचें ठरेल हें आमच्या स्वप्नांतही आलें नव्हतें.

आणि हा परका बाप करितो काय? तो मुलास अंगाखांद्यावर वागवितो. आई शेतावर किंवा पाण्यास गेली कीं मूल त्याच्याच मांडीवर. त्यास भरवणें, धुणें, पुसणें हें सर्व तो करितो, आणि त्यांत त्यास लाज वाटत नाहीं. या संगोपनास त्यांच्या भाषेंत ‘कोपोइ’ असा खास शब्द आहे. मोठा झालेला मुलगा बापाच्या उपयोगी कां पडतो असें विचारलें, तर रक्ताचें किंवा कुळाचें नांव कोणी घेत नाहीं. त्याचे हात माझ्या मळमूत्रानें भरले होते, एवढेंच उत्तर मिळतें. ऋणाची याहून रोकठोक मांडणी आमच्या पाहण्यांत नाहीं.

येथें नात्यांच्या शब्दांकडे वळलें पाहिजे. आयुष्यभर व्याकरण शिकविल्यामुळें आम्हांस यांत अंमळ अधिक गोडी आहे, ती वाचकांनीं सोसावी. बापास ‘तामा’ म्हणतात, चुलताही तामा. आईस ‘इना’, मावशीही इना. येथवर सोपें आहे. पण आत्याचा मुलगा, म्हणजे आपला आतेभाऊ, तोही ‘तामा’, म्हणजे बापच! तो वयानें आपल्याहून धाकटा असला तरी बाप. आणि उलट बाजूनें, मामाचा मुलगा हा ‘लातु’, म्हणजे आपलें लेकरूं. प्रथम वाचतांना ही शुद्ध वेडगळ भाषा वाटते. पण क्षणभर आईच्या कुळाच्या डोळ्यांनीं पाहा. माझा बाप दुसऱ्या दालाचा. त्याच्या मागें त्या दालांत त्याची जागा कोण घेणार? मी नव्हे, त्याच्या बहिणीचा मुलगा. मग बापाच्या जागीं येणाऱ्यास बाप म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें? मामा व भाचा मात्र एकमेकांस एकाच शब्दानें, ‘कादा’ म्हणून, हांक मारितात, कारण दोघे एकाच जागेचे, एक आज व एक उद्यां. आत्यास आणि आत्याच्या मुलीस ‘ताबु’ हा शब्द, आणि आजीआजोबांस व नातवंडांसही तोच. या एका शब्दानें पंडितांस फार छळलें. १९५८ सालीं लीच यांनीं त्याचा एक उलगडा सुचविला, १९६५ सालीं अमेरिकेंतील लाउन्सबरी यांनीं सूत्रबद्ध नियम मांडून दुसरा काढला. हे नियम एकावर एक लावून इष्ट रूप सिद्ध होतांना पाहिलें म्हणजे कौमुदींतील प्रक्रियेची आठवण होते.

संस्कृतांत ‘भ्रातृव्य’ शब्दाचा एक अर्थ पुतण्या आणि दुसरा शत्रु, हें पाणिनीनेंच सांगितलें आहे. वारशाचा तंटा जेथें असतो तेथें भाषा त्याची खूण ठेविते. किरिविनांत तो तंटा पुतण्याशीं नसून मुलगा आणि भाचा या दोघांत आहे. त्याचें वर्णन करण्यापूर्वीं लग्न व कोनफळें यांविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे.

लग्नाचा विधि असा जवळजवळ नाहींच. तरुण मुलामुलींच्या भेटीगांठींस बंदी नाहीं, पण दोघांनीं मिळून जेवणें मात्र अत्यंत निषिद्ध. एके सकाळीं मुलगी आपल्या घरीं परत न जातां मुलाच्या घरींच राहते, आणि दोघें सर्वांदेखत एकत्र बसून कोनफळ खातात, झालें लग्न. मुलीच्या घरचे राजी असतील तर ते शिजविलेलें अन्न पाठवितात, नसतील तर तिला ओढून नेतात. मग दोन्ही घरांत देवघेव सुरू होते. तिचें तपशीलवार कोष्टक मालिनोव्स्कींनीं दिलें आहे. आम्ही तें गाळतों.

सून सासरीं राहते, हें आपल्यासारखेंच. परंतु तिच्या घरचें कोठार कोण भरतो? नवरा नव्हे, तिचा भाऊ. या लोकांचें मुख्य अन्न ‘ताय्तु’ नांवाचा, आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. प्रत्येक पुरुष वर्षभर राबून जें पिकवितो त्यांतील उत्तम कंद तो बहिणीच्या नवऱ्यास पोंचवितो आणि डावें-उजवें स्वतःच्या घरीं ठेवितो. या देण्यास ‘उरिगुबु’ म्हणतात. सुगींत प्रथम मळ्यांतच कंदांच्या निमुळत्या राशी रचून ठेवितात. जाणारे येणारे थांबून वाखाणतात किंवा नांवें ठेवितात. मग मिरवणुकीनें, शंख फुंकीत, टोपल्या बहिणीच्या गांवीं जातात, मेहुण्याच्या कोठारासमोर पुन्हा रास रचली जाते, आणि देणाऱ्याचेच लोक तें कोठार भरून देतात. कोठारास ‘ब्वाय्मा’ म्हणतात; तें ओंडक्यांचें असून ओंडक्यांमध्यें मुद्दाम फटी ठेवितात, म्हणजे आंतील माल दिसावा. मेहुण्याच्या कोठाराच्या फटींतून भावाची अब्रू जगास दिसते. राजास अनेक बायका असत, आणि त्या निरनिराळ्या गांवांतून केलेल्या असत, याचें मर्मही हेंच. प्रत्येक बायकोमागें तिच्या भावांचें कोठार येई. ‘राजा’ म्हणजे ज्यास मेहुणे फार, अशी व्याख्या केली तरी चालेल.

आपल्याकडे भाऊबीजेस भाऊ ताटांत ओवाळणी घालतो. येथें तो वर्षाचें धान्य घालतो. पण ज्या बहिणीसाठीं तो इतका राबतो तिच्याशीं त्यास मोकळेपणानें बोलतां येत नाहीं. वयांत येऊं लागतांच भाऊ व बहीण यांच्यांत कडक पडदा पडतो. भाऊ घरीं निजत नाहीं, तरुणांच्या निराळ्या घरीं जातो. बहिणीच्या लग्नाविषयीं किंवा प्रीतीविषयीं त्याच्यासमोर कोणी अवाक्षर काढीत नाहीं, आणि त्यानें तें जाणूनबुजून पाहूं नये. तिच्या लेकरांचा पालक मात्र तोच. मुलगा आठदहा वर्षांचा झाला कीं हा मामा त्याच्या आयुष्यांत शिरतो: तुझा गांव हा नव्हे, तुझी जमीन माझ्या गांवीं, चल, मळ्यांत काम कर, कुळाचा मंत्र शीक. बाप लाड करितो, मामा शिस्त लावितो. त्यांतही एक विपरीत गोष्ट अशी कीं, जें भाच्यास हक्कानेंच मिळावयाचें, तें मामाच्या हयातींत मिळविण्यासाठीं त्यास मामाला हप्त्याहप्त्यानें नजराणा द्यावा लागतो. त्यास ‘पोकाला’ म्हणतात. बापास मात्र जें देण्याचा खरा अधिकार नाहीं तें तो मुलास फुकट देतो. मंत्र शिकवितो, आपल्या गांवीं मळा करूं देतो, मानाचे दागिने घालतो. भाचे हें सर्व पाहत असतात.

आतां ओमाराकानाची कथा. राजा तोउलुवा हा मालासी कुळांतील ताबालु या सर्वश्रेष्ठ दालाचा. त्याची आवडती बायको कदाम्वासिला, आणि तिचा वडील मुलगा नाम्वाना गुयाउ हा राजाचा जीव कीं प्राण. नियमाप्रमाणें या मुलाचें घर आईच्या गांवीं, थोड्या कोसांवरच्या ओसापोला येथें. परंतु राजानें त्यास स्वतःजवळच ठेविलें होतें, आणि भाच्यांच्या वांट्याचे कित्येक लाभ त्याच्या पदरांत घातले होते. गादीचे वारस म्हणजे राजाच्या बहिणीकडचे ताबालु तरुण. त्यांत बागिदोउ आणि त्याचा धाकटा भाऊ मिटाकाटा हे प्रमुख. घरांत राजपुत्राचा दिमाख आणि दारांत वारसांची धुसफूस, असें कित्येक वर्षें चाललें.

मालिनोव्स्की तेथें असतांनाच हें गळूं फुटलें. नाम्वाना गुयाउनें मिटाकाटावर आपल्या बायकोशीं भलता संबंध ठेविल्याचा आरोप केला, आणि गांवांत न्याय न मागतां तो गोऱ्या मॅजिस्ट्रेटाकडे गेला. मिटाकाटास तुरुंग झाला. ही वार्ता गांवीं येऊन पोंचली त्या दिवशीं दिवसभर सर्व आपापल्या घरांत दडून होते. रात्र पडल्यावर अंधारांतून बागिदोउचा आवाज उठला. तो नाम्वाना गुयाउला उद्देशून म्हणाला कीं, तूं आमच्या गांवचा नव्हेस. आम्हीं तुला येथें राहूं दिलें, आमचें अन्न तूं खाल्लेंस, आणि आमच्याच भावास बंदींत घातलेंस. आतां येथून चालता हो. घालवून देण्याचा जो विधियुक्त शब्द आहे तो त्यानें उच्चारला. थोड्या वेळानें घरांतील दुसऱ्या पुरुषाचा आवाज आला, मग तिसऱ्याचा, शब्द तेच. उजाडण्यापूर्वीं राजाचा लाडका मुलगा गांव सोडून गेला, तो कायमचा.

आणि राजा? ज्याच्यासमोर सामान्य माणूस ताठ उभा राहत नाहीं, तो त्या रात्रीं आपल्या घरांत बसून हें ऐकत होता. भाचे हक्कानें बोलत होते. गांव त्यांच्या दालाचा. तोउलुवाही त्या गांवचा राजा होता तो त्याच दालाचा म्हणून. मुलाची बाजू घ्यावी तर ज्या फांदीवर बसला तीच त्यास तोडावी लागली असती. तीन दिवस तो बाहेर आला नाहीं. आला तेव्हां एकदम म्हातारा दिसूं लागला होता. कदाम्वासिला जिवंत मुलासाठीं, मेलेल्यासाठीं रडावें तशी आठवडेच्या आठवडे रडत राहिली. ती त्यांतून उठली नाहीं. पुढें फार काळ जगली नाहीं. कालांतरानें गादीवर आला तो मिटाकाटाच.

ज्या भगिनीनें आम्हांस प्रश्न विचारला त्यांनीं तोउलुवाच्या या तीन दिवसांचा विचार करावा. लेकरांची माया नसती तर हा कलह उद्भवलाच नसता. मालिनोव्स्की म्हणतात त्याचा मथितार्थ असा कीं, तेथें कायदा मामाच्या बाजूस आहे आणि जीव बापाच्या. वारशाची तक्रार निघाली कीं बापास ‘तोमाकावा’ म्हणजे परका असा शब्द लावितात. एरव्हीं त्यास कोणी तसें हांक मारीत नाहीं.

या पेचांतून वाट काढण्याची त्यांची युक्ति मात्र चतुर आहे. राजानें आपल्या मुलाचें लग्न आपल्या बहिणीच्या मुलीशीं, म्हणजे मुलाच्या आतेबहिणीशीं, लावावें. बहुधा हें दोघांच्या बालपणींच ठरवून ठेवितात. ती मुलगी ताबालु दालाची, गांवची हक्काची मालकीण. तिचा नवरा या नात्यानें मुलास गांवांत राहण्यास आतां कोणी हरकत घेत नाहीं. शिवाय तिचा भाऊ तोच गादीचा वारस; त्यास मेहुण्याचें कोठार भरणें भाग! ज्यानें हांकलून द्यावयाचें त्यानेंच दरवर्षीं टोपल्या वाहून आणावयाच्या. आणि पुढची पिढी आईकडून ताबालुच. आपल्या महाराष्ट्रांत देशस्थांसह कित्येक जातींत मामाची मुलगी करितात, पण मुलानें आत्याची मुलगी करूं नये, वेल माघारी आणूं नये, असें म्हणतात. बौधायनानें मात्र दक्षिणेच्या आचारांत दोन्हींचा उल्लेख केला आहे. किरिविनांत नेमकी आत्याचीच मुलगी इष्ट. वेल माघारी आणणें हाच तेथें बापाचा एकुलता एक उपाय आहे.

मालिनोव्स्कींच्या पुस्तकांवर जग पन्नास वर्षें विसंबून राहिलें. १९७१ सालीं ॲनेट वायनर ही अमेरिकन बाई क्वैब्वागा गांवीं गेली आणि तिला एक गोष्ट दिसली जी त्या थोर पुरुषानें पाहून न पाहिल्यासारखी केली होती. गांवांत कोणी मेलें होतें, आणि अंगणाच्या मध्यभागीं बायका बसून वाळलेल्या केळीच्या पानांच्या जुड्या हजारोंनीं वांटीत होत्या. पुरुष कडेला उभे. या जुड्या म्हणजे बायकांचें धन. मृताच्या दालांतील स्त्रिया, ज्यांनीं ज्यांनीं शोक पाळला, प्रेत उचललें, डोकें भादरलें, त्या सर्वांचें देणें त्या जुड्यांनीं व तंतूंच्या घागऱ्यांनीं फेडतात. घरच्या जुड्या पुरत नाहींत. मग नवऱ्यानें आपली चीजवस्तु मोडून बायकोसाठीं आणखी जमवावयाच्या. कां? कारण वर्षानुवर्षें तिच्या भावाचीं कोनफळें तो खात आला आहे. भाऊ देतो तें मेहुणा असा परत करितो, आणि हिशेब ठेवणारी मधली व्यक्ति बायको. वायनरबाईंनीं हेंही दाखविलें कीं, नव्या जोडप्यासाठीं कोनफळांचा मळा प्रथम पुष्कळदां मुलीचा बापच करूं लागतो, भाऊ मागाहून. १९७६ सालीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें तेव्हां, पुरुषानें जाऊन पुरुषांनाच विचारलें तर अर्धें घर अंधारांत राहतें, हें मान्य करणें अनेकांस भाग पडलें. अलीकडे या वांटणींत पैसा आणि कापड यांचाही शिरकाव झाला आहे.

बापाच्या कुळाचाही त्यांत भाग आहे. पहिलटकरणीचा सोहळा करितात तो तिच्या बापाकडील बायका, मुख्यतः आत्या. त्या तिच्यासाठीं तंतूंचा लांब झगा विणतात, पहाटे तिला समुद्रावर नेऊन मंत्रपूर्वक न्हाऊं घालतात आणि परततांना तिचे पाय जमिनीस लागूं देत नाहींत. बाळंतपणास ती सासरीं राहत नाहीं. बापाच्या किंवा मामाच्या घरीं येते. डोहाळजेवण आणि माहेरचें बाळंतपण यांची आठवण झाली नाहीं असा मराठी वाचक विरळा.

मरणांत बापलेकांचें नातें आणखी उघडें होतें. मृताच्या स्वतःच्या दालाच्या माणसांनीं प्रेतास शिवूं नये. त्यांत त्यांना धोका आहे अशी समजूत. न्हाऊं घालणें, सजविणें, पुरणें हें बायकोनें, मुलांनीं व सोयऱ्यांनीं करावयाचें. काळें फांसून, केस काढून, कोंडून घेऊन महिनोन् महिने शोक पाळावयाचा तो विधवेनें आणि मुलांनीं. पूर्वीं याहूनही कठोर रीत होती, ती गोऱ्या सरकारानें बंद केली, तरी मालिनोव्स्कींच्या काळीं चोरून चालेच. पुरलेलें प्रेत उकरून मुलगे बापाचीं कांहीं हाडें काढून घेत. हाताच्या हाडाची, पान-सुपारीसाठीं चुना काढावयाची कांडी करीत, आणि बापाचा मुलगा ती जन्मभर आपल्या चुन्याच्या भांड्यांत वागवी. मिटाकाटासारख्या वारसानें तिला हात लावूं नये. ही किळसवाणी सेवा मुलानेंच कां करावी, असें विचारल्यावर लोक पुन्हा तेंच सांगत: बापानें याच हातानें त्याची घाण काढली होती. पुष्कळ वर्षांनीं, शेवटचें देणेंघेणें उरकल्यावर, तीं हाडें समुद्रावरच्या कड्यांत, खडकांच्या कपारींत नेऊन ठेवीत.